तोच ग्रेड, तोच टेम्पर, तरी बेंडवर तडा का? ॲल्युमिनियमचा पत्रा आतून तपासायची पद्धत

वागळे इस्टेटमधल्या पॅनेल बनवणाऱ्या युनिटपासून रबाळे-महापे पट्ट्यातल्या प्रेस शॉपपर्यंत एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. गेल्या महिन्यात तीन मिलिमीटरचा पत्रा ज्या डायवर, ज्या त्रिज्येवर सुरेख वाकला, त्याच सेटिंगवर नवा लॉट लावला आणि बेंडच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या भेगा दिसू लागल्या. टेस्ट सर्टिफिकेट काढून बघावे तर ग्रेड तोच, टेम्पर (पत्र्याच्या कडकपणाची अवस्था) तोच, आकडे मर्यादेत. मग पंच बदलतात, डायची व्ही वाढवतात, ऑपरेटरला बोलणी बसतात. बहुतेक वेळा दोष त्यांच्याकडे नसतो. तो पत्र्याच्या सूक्ष्मरचनेत असतो, आणि बारा पट्ट्या, दहा पट भिंग आणि अर्धा दिवस एवढ्यात त्याचा बराचसा छडा लागतो. उरलेले काम प्रयोगशाळेचे.

हा लेख मुख्यतः ५०५२, ३००३ आणि ६०६१ या ग्रेडच्या ०.८ ते ४ मिलिमीटर पत्र्यासाठी आहे. ठाणे-नवी मुंबईत कंट्रोल पॅनेल, डक्ट, टाक्या, वाहनांचे भाग यांत हेच ग्रेड जास्त चालतात.

पत्र्याच्या आत काय काय असते

पत्रा म्हणजे हजारो लहान स्फटिकांची गर्दी. एकेका स्फटिकाला कण किंवा ग्रेन म्हणतात. चांगल्या मऊ पत्र्यात कणाचा व्यास साधारण २५ ते ६० मायक्रॉन असतो. पुष्कळांचा समज असा की कण बारीक म्हणजे पत्रा मजबूत. पोलादात हे बऱ्याच अंशी खरे आहे, ॲल्युमिनियममध्ये फारसे नाही. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये कण १०० मायक्रॉनवरून २५ मायक्रॉनवर आणले तरी यील्ड (ज्या ताणावर धातू कायमचा वाकू लागतो तो) जेमतेम सात-आठ मेगापास्कलने वाढते. कणाचा आकार इथे महत्त्वाचा ठरतो तो वाकवल्यावर किंवा ओढल्यावर पृष्ठभाग कसा दिसतो आणि ताण किती सारखा वाटला जातो यासाठी.

मजबुती येते ती दुसऱ्या दोन गोष्टींतून. ५०५२ आणि ३००३ मध्ये ती थंड रोलिंगमधून येते. रोलमधून जाताना स्फटिकांच्या आत डिसलोकेशनची (रचनेतल्या रेषाकार दोषांची) दाटी होते आणि पुढची सरक अवघड होते. ५०५२ चे यील्ड मऊ म्हणजे ओ टेम्परमध्ये साधारण ९० मेगापास्कल, एच३२ मध्ये १९५ च्या आसपास. रसायन तेच, यील्ड दुप्पट, आणि ही कमाई वाकण्याच्या क्षमतेतून वजा झालेली असते. ६०६१ मध्ये मजबुती मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म अवक्षेपांतून (धातूतून वेगळ्या झालेल्या कणांतून) येते. ते इतके लहान असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाहीत. म्हणून टी४ (विरघळवून पाण्यात थंड केलेला) आणि टी६ (त्यानंतर भट्टीत कडक केलेला) यांचा फोटो जवळजवळ सारखाच दिसतो, आणि नुसत्या फोटोवरून टेम्पर ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

चौथी गोष्ट म्हणजे लोहयुक्त जाडे कण. भेगांच्या तक्रारींत सर्वांत आधी संशय यांच्यावर घ्यावा असे आमचे मत आहे. लोखंड घन ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ विरघळत नाही. ओतीव स्लॅबमध्ये ते ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनशी जोडले जाऊन कडक, ठिसूळ तुकडे होतात. रोलिंगमध्ये ते फुटतात आणि रोलिंगच्या दिशेने माळेसारखे ओळीत बसतात. आता मर्यादा बघा. ५०५२ मध्ये लोखंड ०.४० टक्क्यांपर्यंत चालते, ६०६१ मध्ये ०.७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ०.२० टक्के लोखंडाचा आणि ०.६५ टक्क्यांचा असे ६०६१ चे दोन्ही पत्रे सर्टिफिकेटवर पास होतात, पण टाइट बेंडवर दोन्ही सारखे वागतील ही अपेक्षा धरता येत नाही. सर्टिफिकेट हातात आले की टेन्साइलच्या (ओढून तोडण्याच्या चाचणीच्या) आधी लोखंडाचा आकडा बघायची सवय लावा.

पाचवी गोष्ट टेक्स्चर, म्हणजे स्फटिकांची एका दिशेला कललेली मांडणी. डीप ड्रॉ केलेल्या, म्हणजे पंचने डायमध्ये खोल ओढलेल्या भांड्याच्या काठावर चार कान उभे राहतात ते यामुळेच. कान रोलिंगच्या दिशेत आणि तिच्या काटकोनात असतील तर ती ॲनीलिंगमधून (तापवून मऊ करण्यातून) आलेली मांडणी, ४५ अंशांवर असतील तर रोलिंगमधून आलेली. दोन्ही मांडण्यांचा तोल साधणे पत्रा बनवणाऱ्या रोलिंग गिरणीच्या हातात असते, तुमच्या नाही. तुमच्या हातात ब्लँकमध्ये ट्रिमिंगसाठी मार्जिन ठेवणे एवढेच.

पहिले काम: रोलिंगची दिशा आणि पत्र्याची ओळख

कारखान्यात ‘ग्रेन कुठून कुठे आहे’ असे विचारतात तेव्हा रोलिंगची दिशाच अभिप्रेत असते. १२२० बाय २४४० च्या पूर्ण शीटवर ती बहुधा लांबीच्या बाजूने असते आणि मिल फिनिशवर तिरप्या उजेडात बारीक रेषा दिसतात. अडचण तुकड्यांची. शिअरवर कापलेला तुकडा रॅकमध्ये गेला की दिशा हरवते. म्हणून पहिल्या कापाच्या आधीच मार्करने प्रत्येक शीटवर दर तीसएक सेंटिमीटरवर बाण काढा. बफ केलेल्या किंवा ब्रश फिनिशच्या पत्र्यावर पॉलिशच्या रेषा फसवतात. तिथे पुढे सांगितलेली कॉस्टिकची चाचणी करूनच दिशा ठरवा.

ओळखीसाठी बरेच जण पकडीसारखा हार्डनेस टेस्टर वापरतात. चांगले साधन आहे, पण एकट्याने पुरत नाही. ५०५२-एच३२ चा ब्रिनेल कडकपणा ६० च्या आसपास, ६०६१-टी४ चा ६५ च्या आसपास. या फरकावर निवाडा करता येत नाही. त्याच्या जोडीला एडी करंटचा कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर चित्र साफ होते. तांब्याच्या प्रमाण वाहकतेच्या तुलनेत ५०५२ साधारण ३५ टक्के दाखवते, ६०६१-टी४ साधारण ४०, टी६ साधारण ४३, पूर्ण मऊ केलेले ६०६१ साधारण ४७. मऊ ३००३ पन्नाशीला पोचते. अवक्षेप बाहेर पडले की मूळ धातू स्वच्छ होतो आणि वीज सुलभ वाहते, म्हणून टी४ पेक्षा टी६ चा आकडा जास्त येतो. पातळ पत्र्यावर मीटरचा करंट पत्र्याच्या पार जातो आणि आकडा चुकतो. तेव्हा त्याच पत्र्याचे दोन-तीन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून मोजा, आणि मोजण्याआधी तुकडे अर्धा तास मीटरसोबत एकाच खोलीत ठेवा. उन्हात तापलेला पत्रा कमी आकडा दाखवतो.

दुसरे काम: बेंडच्या पट्ट्या

सगळ्यात जास्त माहिती देणारी आणि सगळ्यात स्वस्त चाचणी हीच, म्हणून ती नीट करावी.

प्रत्येक लॉटमधल्या एका शीटमधून ४० मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब अशा बारा पट्ट्या कापा. सहा पट्ट्यांची लांबी रोलिंगच्या दिशेने, सहांची काटकोनात. रुंदी जाडीच्या निदान आठपट हवी, नाहीतर पट्टी कडेने आकसते आणि खऱ्या बेंडपेक्षा सोपी परीक्षा होते. शीटच्या कडेचे पहिले ५० मिलिमीटर सोडून द्या. पट्ट्यांवर ‘ल’ आणि ‘आ’ अशी खूण करा. ल म्हणजे पट्टी रोलिंगच्या लांबीने, तिच्यावर बेंडची रेघ रोलिंगला आडवी पडते. आ म्हणजे आडवी पट्टी, तिच्यावर बेंडची रेघ रोलिंगला समांतर.

शिअरची कड हाताने फाइल करा, मग ४०० नंबरच्या पेपरने पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवे घासले तर प्रत्येक ओरखडा भेगेची सुरुवात होतो. बर (कापाची खरखरीत कड) उरलीच तर ती बेंडच्या आतल्या बाजूला ठेवा. लेझरवर कापलेल्या पट्टीची कड निदान अर्धा मिलिमीटर घासून काढा. ६०६१ मध्ये लेझरने वितळलेल्या कडेला सूक्ष्म भेगा आधीच असू शकतात, आणि मग पत्र्याची नाही, लेझरची परीक्षा होते.

आता मोठ्या त्रिज्येपासून सुरुवात करून उतरत या. तीन मिलिमीटर पत्र्यासाठी पंचच्या टोकाची त्रिज्या ९, ७.५, ६, ४.५, ३ आणि १.५ अशी घ्या. प्रत्येक त्रिज्येवर एक ल आणि एक आ, ९० अंश. बाहेरच्या पृष्ठावर किती ताण येतो ते सोप्या हिशोबाने काढता येते: आतल्या त्रिज्येची दुप्पट भागिले जाडी, त्यात एक मिळवा, आणि एकला त्या आकड्याने भागा. त्रिज्या जाडीइतकी असेल तर ३३ टक्के, अडीचपट असेल तर १७ टक्के. सर्टिफिकेटवर एलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबवाढ) १० टक्के लिहिलेले असूनही पत्रा १७ टक्के का सोसतो, असा प्रश्न पडेल. टेन्साइलचा आकडा ५० मिलिमीटर लांबीवर वाटलेला असतो. बेंडचा ताण मात्र एका अरुंद पट्ट्यात असतो आणि आतला थर त्याला धरून ठेवतो.

अंदाजासाठी: तीन मिलिमीटरच्या आसपास ५०५२-एच३२ जाडीच्या दीडपट त्रिज्येवर आणि ६०६१-टी६ अडीचपट त्रिज्येवर वाकायला हवे. दीड मिलिमीटरला हे आकडे अनुक्रमे एकपट आणि दीडपटीवर येतात. आ पट्टी यापेक्षा थोडी मागे राहिली तर चालते. ती ल पट्टीच्या दोन पायऱ्या मागे राहिली तर मात्र लोहकणांच्या माळा लांब आहेत असे समजा.

मग वाकलेली पट्टी दहा पट भिंगाखाली, उजेड कडेने पाडून बघा. चार दृश्ये ओळखता आली पाहिजेत. पहिले, पृष्ठ थोडे निस्तेज पण एकसारखे: हे ठीक. दुसरे, संत्र्याच्या सालीसारखे उंचसखल दाणे आणि भेग कुठेच नाही: कण जाडे आहेत. तिसरे, बेंडच्या रेघेला समांतर, सुईने ओढल्यासारख्या तुटक काळ्या रेघा, आ पट्टीवर भरपूर आणि ल पट्टीवर जवळजवळ नाहीतच: लोहकणांच्या माळा. चौथे, एकच लांब स्वच्छ भेग, दोन्ही पट्ट्यांवर सारखी: पत्रा मागितल्यापेक्षा कडक टेम्परचा आहे, किंवा ६०६१ असेल तर टी४ सांगून टी६ आला आहे. या चार दृश्यांचे फोटो शॉपमध्ये प्रेस ब्रेकशेजारी लावून ठेवावेत.

त्याच पट्ट्यांवर स्प्रिंगबॅकही मोजून घ्या. ॲल्युमिनियमचा लवचिकतेचा मॉड्युलस ७० गिगापास्कल, पोलादाचा २१० च्या आसपास. त्यामुळे यील्ड सारखे असेल तर ॲल्युमिनियम जवळजवळ तिप्पट मागे येते. मॉड्युलस सूक्ष्मरचनेने बदलत नाही, यील्ड बदलते. दोन लॉटमध्ये स्प्रिंगबॅक एक-दीड अंशाने वेगळा आला तर यील्ड सरकले आहे हे टेन्साइल मशीनशिवाय कळते.

तिसरे काम: कॉस्टिकची चाचणी

स्टीलच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या आणि १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा पाण्यात टाका. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, उसळून अंगावर येते. द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसला आणा आणि ५० मिलिमीटरचा चौकोनी तुकडा पाच ते दहा मिनिटे बुडवा. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर किंवा एक्झॉस्टखाली करा, आणि आसपास वेल्डिंग-ग्राइंडिंग चालू नसावे. चष्मा, रबरी हातमोजे, एप्रन हवेतच. तुकडा धुतल्यावर त्यावर काळी साय दिसेल. ती निम्मे पाणी, निम्मे नायट्रिक ॲसिड अशा द्रावणात अर्धा मिनिट धरली की निघते.

कोरड्या तुकड्यावर नुसत्या डोळ्यांना चमचमणारे वेगवेगळे दाणे दिसले तर कण १०० मायक्रॉनच्या बरेच पुढे गेले आहेत. असा पत्रा ओढायच्या किंवा दिसणाऱ्या भागाला वापरू नका. आतल्या ब्रॅकेटला चालेल. दाणे दिसले नाहीत, फक्त एका दिशेने रेघा उमटल्या, तर ती रोलिंगची दिशा.

चौथे काम: टेन्साइल, पण तीन दिशांना

आयएस १६०८ प्रमाणे १२.५ मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर गेज लांबीचे नमुने करा. लॅबला साधारणपणे एकच दिशा पाठवतात. बेंडिंगसाठी ते चालून जाते, ओढकामासाठी नाही. ० , ४५ आणि ९० अंश असे प्रत्येकी दोन नमुने पाठवा आणि लॅबला स्पष्ट लिहून द्या की १२ ते १५ टक्के ताणावर थांबून रुंदी मोजायची आहे.

त्यातून आर मूल्य, म्हणजे रुंदीचा ताण भागिले जाडीचा ताण, काढता येते. समजा ५० ची लांबी ५६ झाली आणि १२.५० ची रुंदी ११.९८. लांबीचा खरा ताण ०.११३, रुंदीचा ०.०४२५. घनफळ बदलत नाही, तेव्हा जाडीचा ०.०७०५ च्या आसपास. रुंदी भागिले जाडी म्हणजे ०.६०. याचा अर्थ हा पत्रा ओढला की अरुंद होण्याऐवजी पातळ होतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे आर ०.६ ते ०.८ मध्येच असते, खोल ओढीच्या पोलादाचे दीडच्या पुढे. म्हणून पोलादासाठी बनवलेली ड्रॉ डाय तशीच ॲल्युमिनियमला लावली की तळाच्या त्रिज्येवर भाग फाटतो. पंच आणि डायची त्रिज्या वाढवा, एका ओढीतली खोली कमी करा. तीन दिशांच्या आरमध्ये जितका फरक, तितके कान मोठे.

टेन्साइलचा आलेखही मागून घ्या, नुसते आकडे नकोत. ५०५२-ओ च्या आलेखावर यील्डपाशी सपाट पायरी किंवा पुढे करवतीसारखे दाते दिसले तर मॅग्नेशियमचे अणू डिसलोकेशनला अडकवत-सोडवत आहेत. हाच पत्रा ओढला की पृष्ठावर ज्वाळांसारखे किंवा समांतर पट्टे उमटतात आणि पावडर कोटिंगखालूनही दिसतात. पायरीमुळे येणारे ज्वाळांसारखे पट्टे ओढीच्या ठीक आधी हलके लेव्हलिंग केल्याने टळतात. दात्यांमुळे येणारे समांतर पट्टे टळत नाहीत. समोर दिसणाऱ्या ओढीव भागासाठी ५००० मालिकेचा मऊ पत्रा न घेता ६००० मालिकेचा टी४ घ्यावा, हे बरे.

ओढकाम नियमित असेल तर एरिक्सन कप चाचणीही करून घ्या. २० मिलिमीटरचा गोल पंच, २७ मिलिमीटरची डाय, दहा किलोन्यूटन पकड. कपची उंची हा एक निकाल झाला. कपची भेग कशी आहे तेही बघा: गोल फिरलेली भेग म्हणजे पत्रा दिशांना सारखा, रोलिंगच्या दिशेने सरळ गेलेली भेग म्हणजे माळा.

पाचवे काम: प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली

पहिल्या चार कामांत संशय पक्का झाला तरच इथे या. ठाण्यात आणि रबाळे-महापेच्या टीटीसी पट्ट्यात एनएबीएल मान्यताप्राप्त मेटलर्जी लॅब आहेत, आणि हे काम त्यांनाच करू द्यावे. ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या एचिंगमध्ये (रचना दिसावी म्हणून पृष्ठ ॲसिडने खाऊ देण्यात) हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते कातडीवर पडल्याचे लगेच जाणवतही नाही आणि आत हाडापर्यंत जाते. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसलेल्या शॉपमध्ये ती बाटली असूच नये.

तरी लॅबकडून काय करून घ्यायचे ते तुम्हाला माहीत हवे. नमुना रोलिंगच्या दिशेने उभा कापलेला हवा, म्हणजे जाडीचा छेद दिसेल. नुसत्या वरच्या पृष्ठाचा फोटो माळांची लांबी आणि चपटे कण लपवतो. माउंटिंग थंड रेझिनमध्ये करायला सांगा. गरम माउंटिंगला १५० ते १८० अंश लागतात, आणि त्याच नमुन्यावर पुढे मायक्रो हार्डनेस घ्यायची असेल तर टी४ पत्र्याचा आकडा तेवढ्यात सरकू शकतो. ग्राइंडिंग सिलिकॉन कार्बाइडच्या ३२०, ५००, ८००, १२०० पेपरवर, भरपूर पाणी आणि हलका हात. जोर दिला की मऊ ॲल्युमिनियममध्ये कार्बाइडचे कण रुततात आणि अहवालात ते ‘अशुद्धी’ म्हणून येतात. मग ३ आणि १ मायक्रॉनचा हिरा, शेवटी कोलॉइडल सिलिका.

पहिला फोटो एचिंग न करता २०० पटीवर मागा. लोहकण करडे दिसतात, मॅग्नेशियम-सिलिकॉनचे जाडे कण गडद काळे. तुटक ओळीत एकामागे एक करडे ठिपके दिसले तर त्याच माळा, आणि बेंडची भेग यांच्याच कडेने धावते. भेगेच्या टोकाचाही एक फोटो घ्या. टोकाशी फुटलेला करडा कण सापडला की पुरवठादाराशी वाद घालायला तेवढा पुरावा पुरतो.

मग केलरचे एचिंग: १९० मिलिलिटर पाण्यात ५ नायट्रिक, ३ हायड्रोक्लोरिक, २ हायड्रोफ्लोरिक, दहा ते वीस सेकंद. ३००३ आणि ५०५२ वर यातून कणसीमा नीट उठत नाहीत. त्यासाठी बार्करचे द्रावण लागते: २०० मिलिलिटर पाण्यात ५ मिलिलिटर फ्लुओबोरिक ॲसिड, २० व्होल्ट डीसी, एक-दीड मिनिट, आणि पोलराइज्ड उजेडात बघायचे. प्रत्येक कण वेगळ्या रंगाचा दिसतो. १०० पटीच्या फोटोवर १० सेंटिमीटरची रेघ म्हणजे पत्र्यातला एक मिलिमीटर. रेघेने वीस कणसीमा ओलांडल्या तर सरासरी ५० मायक्रॉन. रोलिंगच्या दिशेची आणि जाडीच्या दिशेची अशा दोन वेगळ्या सरासऱ्या मागा. एच टेम्परमध्ये कण चपट्या पोह्यासारखे असतातच. ओ टेम्परच्या पत्र्यात ते चपटे दिसले तर ॲनीलिंग अर्धवट झाले आहे.

स्वतः ॲनील करताना होणाऱ्या चुका

मध्येच भाग मऊ करून पुढची ओढ घ्यायची वेळ येते. इथेच चांगला पत्रा सर्वांत जास्त बिघडतो.

५०५२ साठी ३४५ अंश, ३००३ साठी ४१५ अंश सेल्सिअस. हे तापमान धातूचे, भट्टीच्या हवेचे नाही. थर्मोकपल भागाला चिकटवून ठेवा. रचलेल्या थप्पीत मधला पत्रा मागे राहतो. तो पोचला की अर्धा तास भरपूर झाला. जास्त वेळ ठेवले तर कण वाढतात. तापवणे जितके झपाट्याने तितके बरे, विशेषतः ३००३ ला, कारण सावकाश तापवल्यास मँगनीजचे अवक्षेप नव्या कणांना अडवतात आणि मोजकेच, मोठे कण वाढतात.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे थोड्याशा विकृतीनंतर केलेले ॲनीलिंग. मऊ पत्रा फक्त पाच ते पंधरा टक्के ओढला आणि मग भट्टीत घातला, तर नव्या कणांची बीजे फार थोडी असतात. ती आसपासचे सगळे खाऊन प्रचंड मोठी होतात. पुढच्या ओढीत भागावर संत्र्याची साल उमटते, आणि ती उथळ भागात, फ्लँजजवळ, जिथे ताण कमी होता तिथेच. लोक पत्र्याला दोष देतात, पण दोष क्रमाचा असतो. पहिल्या ओढीत पंचवीस-तीस टक्के विकृती घ्या आणि मग ॲनील करा, किंवा पहिली ओढ हलकी असेल तर ॲनील न करताच दुसरी घ्या.

६०६१ चे गणित वेगळे. पूर्ण मऊ करायचे तर ४१५ अंशांवर दोन-तीन तास आणि मग २६० अंशांपर्यंत तासाला ३० अंशांहून कमी वेगाने थंड करणे. भट्टीतून काढून हवेत ठेवले तर काही मॅग्नेशियम-सिलिकॉन विरघळलेलेच राहते आणि पत्रा दोन-चार दिवसांत पुन्हा कडक होतो. टॉर्चने, साबणाची रेघ काळी पडेपर्यंत तापवून मऊ करायची पद्धत सर्रास चालते. त्यात वाकते खरे, पण टी६ ची मजबुती त्या पट्ट्यात कायमची जाते. भार घेणाऱ्या भागावर हे करू नका. वेल्डशेजारीही हेच घडते: टी६ पत्र्याची किमान ताणशक्ती २९० मेगापास्कल, वेल्डनंतर डिझाइनमध्ये १६५ च्या आसपासच धरतात.

मजबुती परत हवी असेल तर ५३० अंशांवर विरघळवणे, दीड मिलिमीटर पत्र्याला अर्धा-पाऊण तास, मग भट्टीच्या दारातून पाण्यात दहा सेकंदांच्या आत. इथे सेकंद मोजायचेच. उशीर झाला की अवक्षेप कणसीमांवर बसतात, ताकद कमी आणि ठिसूळपणा जास्त. भट्टीत पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही, कारण ५८० च्या आसपास कणसीमा वितळू लागतात आणि तो पत्रा भंगारातच जातो. पाण्यातून काढल्यावर पहिले एक-दोन तास पत्रा सर्वांत मऊ असतो. सरळ करायचे, वाकवायचे ते तेव्हाच. तितक्यात जमणार नसेल तर उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा, कडक होणे पुढे ढकलता येते. शेवटी १७५ अंशांवर आठ तास किंवा १६० वर अठरा तास.

पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची, दहा-वीस मिनिटांची. ५०५२-एच३२ आधीच स्थिर केलेले असते, त्याला विशेष फरक पडत नाही. ६०६१-टी४ त्यात थोडे कडक होते, म्हणून बेंडिंग कोटिंगच्या आधी उरका.

मॅग्नेशियमचा पत्रा आला तर

एझेड३१ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची घनता १.७७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ॲल्युमिनियमची २.७०. वजनासाठी मोह होतो, पण त्याची स्फटिकरचना षट्कोनी असते आणि सामान्य तापमानाला सरकायला मोजकीच प्रतले मिळतात. रोलिंगनंतर बहुतेक कण एकाच अंगावर निजलेले असतात. थंड वाकवला की तुटतो. डाय आणि पत्रा २०० ते २५० अंशांवर आणूनच वाकवा. त्याच्या बारीक चुऱ्यावर पाणी टाकू नका, आग भडकते.

साठवण आणि ऑर्डर

पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या दमट हवेत थप्पीतल्या दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकले की पांढरे-करडे डाग पडतात आणि ते घासूनही पूर्ण जात नाहीत. थंड गाडीतून आलेली थप्पी लगेच उघडू नका, शॉपच्या तापमानाला येऊ द्या. शीट उभ्या ठेवा, मध्ये कोरडा कागद घाला. केमिकल कंपन्यांत स्टीमलाइनजवळ लागणाऱ्या भागांना ५०८३ घेऊ नका. त्यात मॅग्नेशियम ४ टक्क्यांहून जास्त असते, आणि ६५ अंशांच्या वर महिनोन्‌महिने राहिले की ते कणसीमांवर साखळीने बसते व गंज त्याच वाटेने आत शिरतो. ५०५२ ला ही भीती नाही.

पुढच्या ऑर्डरवर नुसते ‘५०५२-एच३२, ३ मिमी’ लिहू नका. ग्रेड, टेम्पर आणि आयएस ७३७ यांच्या खाली या तीन ओळी टाका: लोखंड कमाल ०.३० टक्के; ९० अंशांचा बेंड रोलिंगच्या दोन्ही दिशांना जाडीच्या दीडपट त्रिज्येवर, दहा पट भिंगाखाली भेगविरहित; सरासरी कण कमाल ६० मायक्रॉन, रोलिंगच्या आडव्या दिशेत मोजलेला. पुरवठादार पहिल्यांदा कुरकुर करील, थोडा भावही वाढवील. प्रत्येक लॉटच्या दोन वाकवलेल्या पट्ट्या, एक ल आणि एक आ, हीट नंबर (धातूच्या वितळीचा क्रमांक) आणि तारीख कोरून वर्षभर टांगून ठेवा. पुढच्या खेपेला भेग आली की जुनी पट्टी शेजारी धरा आणि भिंग हातात घ्या.